दुसरा बोर्ड शोधण्याआधी पहिला का गेला ते शोधा

प्रश्न : दोन वर्षांपासून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाचा डेस्कटॉप आला. डिस्प्ले येत नव्हता. इंटेलचा आय५-४५९० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड. बोर्ड गेलाय असं निदान करून मी सेकंडहँड बोर्ड मागवला आणि बाकी सगळं तेच ठेवून बसवून दिला. तीन आठवड्यांत तोही गेला. विकणाऱ्याने हात वर केले, गिऱ्हाईक माझ्यावर चिडलं, आणि आता तिसरा बोर्ड मला पदरमोड करून आणावा लागतोय. त्याच पिढीचं आणखी एक मशीन सध्या टेबलावर आहे, त्यात एका दुकानाचा सगळा हिशेब आहे. या पिढीचे नवे बोर्ड नामांकित कंपन्यांकडून मिळत नाहीत. ऑनलाइन दिसतात ते एकतर बिननावाचे ‘नवे’, नाहीतर जुने. परवडणारा आणि टिकणारा बोर्ड शोधायचा कुठे? वॉरंटी किती द्यायची? आणि बोर्ड जुना आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं का? सांगितलं तर काम हातचं जाईल अशी भीती वाटते.
— एक तंत्रज्ञ

उत्तर :

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : ‘बाकी सगळं तेच ठेवून बसवून दिला.’ तुम्ही विचारलंय बोर्ड कुठे मिळेल, आणि ते मी सांगणार आहे. पण आधी या वाक्याबद्दल बोलू या, कारण तुमचे पैसे गेले ते बहुधा इथे.

बोर्ड सहसा आपलं आपण मरत नाही. त्याला कोणीतरी मारतं, आणि मारणारा बऱ्याचदा त्याच कॅबिनेटमध्ये बसलेला असतो. सेकंडहँड बोर्ड तीन आठवड्यांत गेला म्हणजे विकणाऱ्याने खराब माल गळ्यात मारला, असं आपल्याला लगेच वाटतं. तसंही झालेलं असू शकतं. पण एकाच कॅबिनेटमध्ये पाठोपाठ दोन बोर्ड गेले, की माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, जातो, दुसरा पुढच्या यूएसबी पोर्टवर आणि तिसरा बोर्डाखालच्या स्क्रूच्या खुंट्यांवर.

एसएमपीएस तपासायची आपल्या धंद्यातली सर्रास पद्धत म्हणजे २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडायची आणि पंखा फिरला की ‘चांगला आहे’ म्हणायचं. पंखा फिरला याचा अर्थ पंखा फिरला, एवढाच. मशीन चालू असताना, प्रोसेसरवर काम टाकून, मीटर लावून बघा. १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी, ५ व्होल्टची लाल ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान. सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित वायर म्हणजे जांभळी, स्टँडबायची. मशीन बंद असलं तरी भिंतीचं बटण चालू आहे तोवर ती बोर्डाला ५ व्होल्ट पुरवत राहते. एसएमपीएसमधले कपॅसिटर थकले की हा स्टँडबाय व्होल्टेज वर चढू शकतो, आणि बोर्डावरचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी मुख्य चिप, रात्रंदिवस तो मार खात बसतो. तीन आठवड्यांत बोर्ड जायला एवढं पुरतं. जांभळ्या वायरीवर ५.२५ च्या वर आकडा दिसला तर तो एसएमपीएस त्या मशीनला परत लावू नका. आकडे बरोबर आले तरी मीटरला व्होल्टेजमधल्या बारीक लहरी दिसत नाहीत हे लक्षात ठेवा. म्हणून शंका असेल तेव्हा खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून रात्रभर मशीन चालवायचं.

यूएसबी पोर्टचं एक उदाहरण सांगतो. माझ्याकडे एकदा एक मशीन आलं, चालू व्हायचं आणि दोन सेकंदांत बंद व्हायचं. त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि दोन्हीकडे बोर्ड बदलायला सांगितलं होतं. मी कॅबिनेट पुढून टॉर्चच्या उजेडात बघितलं. एका यूएसबी पोर्टच्या आतली पांढरी प्लॅस्टिकची जीभ तुटलेली होती आणि तिच्यावरच्या चारपैकी एक तांब्याची पट्टी वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकली होती. पेन ड्राइव्ह तिरका घुसवल्याने होतं असं. पुढच्या यूएसबीची केबल बोर्डावरून काढली आणि मशीन सुरू झालं. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हापासून ‘बोर्ड गेला’ हे शब्द तोंडातून काढण्याआधी मी बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवतो आणि फक्त प्रोसेसर, एक रॅम आणि खात्रीचा एसएमपीएस एवढ्यावर चालवून बघतो. बाहेर चालतो आणि आत चालत नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे : तुटका पोर्ट, अडकलेलं पॉवर बटण, किंवा बोर्डाला भोक नसलेल्या जागी राहून गेलेली एखादी पितळी खुंटी.

बाहेरही चालला नाही तर पुढचं. सीआर२०३२ चा सेल काढून मोजा, तीन व्होल्टच्या आसपास हवा. सेल बाहेर असतानाच सीमॉस, म्हणजे बोर्डात साठवलेली सेटिंग, क्लिअर करा. रॅम खोडरबरने पुसून प्रत्येक खाचेत आळीपाळीने लावा. प्रोसेसर उचलून सॉकेटमधल्या पिना तिरक्या उजेडात बघा. समोरून सगळ्या सारख्या दिसतात. टॉर्च आडवी धरली की वाकलेली पिन रांगेत वेगळी चमकते. मग प्रोसेसरच्या चार पिनी पॉवर कनेक्टरवर, केबल काढून, १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात मीटर लावा. जवळजवळ शून्य ओहम दाखवलं तर प्रोसेसरला वीज पुरवणारा एखादा मॉस्फेट (स्विचसारखं काम करणारा भाग) बहुधा शॉर्ट आहे. मात्र सॉकेटभोवतीच्या कॉइलवर मीटर लावून कमी ओहम दिसले म्हणून शॉर्ट समजू नका. प्रोसेसर बसलेला असताना तिथे कमीच दिसतं. आणि एक बोटाची तपासणी : एसएमपीएस जोडलेला, मशीन बंद, अशा स्थितीत चिपसेटच्या हीटसिंकला हात लावा. चटका बसत असेल तर चिपसेट गेला, पुढे वेळ घालवू नका.

मॉस्फेट शॉर्ट सापडला तर नवा बोर्ड मागवण्याआधी थांबा. १२ व्होल्टच्या बाजूचा मॉस्फेट शॉर्ट झाला की १२ व्होल्ट थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचू शकतात, आणि मग बोर्डासोबत प्रोसेसरही गेलेला असतो. तो प्रोसेसर आधी दुकानातल्या टेस्टिंगच्या बोर्डावर चालवून बघा. नाहीतर बोर्ड येईल, बसवाल, डिस्प्ले येणार नाही, आणि विकणाऱ्याशी उगाच भांडण होईल.

कधी बोर्ड धडधाकट असतो आणि फक्त बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम, बिघडलेला असतो. पंखा फिरतो, शॉर्ट नाही, व्होल्टेज सगळे आहेत, पण डिस्प्ले नाही. अशा वेळी आठ पायांच्या बायोस चिपमध्ये प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने कंपनीची फाइल नव्याने भरली की बोर्ड उठतो. हा प्रोग्रामर दुकानात नसेल तर घ्या. पहिल्या एक-दोन बोर्डांतच त्याचे पैसे निघतात. फक्त जुन्या चिपमधला मजकूर आधी वाचून जपून ठेवा. बोर्डाचा सिरियल नंबर, लॅनचा पत्ता आणि तयार मशीन असेल तर विंडोजची कीसुद्धा त्यातच असते. शिवाय काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात. त्यांना अ‍ॅडॉप्टर न लावता ३.३ व्होल्ट दिले तर होता तो बोर्डही जाईल.

एवढं करूनही बोर्ड गेलेलाच ठरला, तर आता शोध.

शोध बोर्डाच्या नावाने सुरू करू नका, प्रोसेसरच्या नावाने करा. बहुतेक जण मेलेल्या बोर्डावरचा मॉडेल नंबर शोधतात, तोच दोन-तीन ठिकाणी मिळतो आणि मागेल ती किंमत द्यावी लागते. गिऱ्हाइकाला तोच बोर्ड नको असतो, त्याला त्याचं मशीन चालू हवं असतं. तुमचा आय५-४५९० एलजीए ११५० सॉकेटचा आहे. त्याला एच८१ चिपसेटचा बोर्ड चालतो, तसेच बी८५, एच८७, क्यू८५, क्यू८७, झेड८७, एच९७ आणि झेड९७ हेही चालतात. एका नावाऐवजी आठ नावांनी शोधलं की हाताशी येणारा माल कितीतरी वाढतो, आणि पुष्कळदा बी८५ हा एच८१ पेक्षा स्वस्तात मिळून जातो, शिवाय त्यावर रॅमच्या चार खाचाही असू शकतात. तुमच्याकडची डीडीआर३ रॅम या सगळ्यांवर चालेल.

इथे एक मेख आहे आणि तिच्यात मी अनेक तंत्रज्ञ अडकलेले पाहिलेत. आय५-४५९० हा २०१४ चा, म्हणजे हॅसवेलच्या, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या, दुसऱ्या खेपेतला प्रोसेसर. २०१३ मध्ये निघालेल्या बोर्डात जुनाच बायोस असेल तर तो या प्रोसेसरला ओळखत नाही आणि डिस्प्ले देत नाही. बोर्ड खराब समजून परत पाठवला जातो, आणि विकणारा आपल्याकडे लावून बघतो तर चालतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलसाठी प्रोसेसरची यादी असते आणि कोणत्या बायोसपासून कोणता प्रोसेसर चालतो ते तिथे लिहिलेलं असतं. मागवण्याआधी ती उघडा. बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबरही बघा, कारण रिव्हिजन बदललं की यादी आणि बायोस बदलू शकतात. आणि पहिल्या खेपेतला एखादा प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-४५७०, ड्रॉवरमध्ये कायम असू द्या. तो लावून बायोस अपडेट करता येतो.

मागच्या-पुढच्या पिढ्यांची मशीनही तुमच्याकडे येणारच, म्हणून इतर जोड्या पटकन सांगतो. दुसरी आणि तिसरी पिढी एलजीए ११५५ वर : एच६१, बी७५. सहावी-सातवी एलजीए ११५१ वर, आठवी-नववीही एलजीए ११५१ वरच, पण या दोन ११५१ एकमेकांना चालत नाहीत. प्रोसेसर खाचेत बसतो, मशीन मात्र चालू होत नाही. सहाव्या-सातव्याला १०० आणि २०० मालिकेचे चिपसेट, आठव्या-नवव्याला ३०० मालिकेचे. दहावी-अकरावी एलजीए १२०० वर, बारावी ते चौदावी एलजीए १७०० वर. एच११० चे काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत तर काही डीडीआर३एल चे, आणि एलजीए १७०० मध्येही डीडीआर४ आणि डीडीआर५ असे वेगवेगळे बोर्ड आहेत. रॅम गिऱ्हाइकाचीच ठेवायची असेल तर हे न बघता मागवलेला स्वस्त बोर्ड रॅमच्या पैशाने महाग होतो.

आता मोठ्या कंपन्यांची तयार ऑफिस मशीन. क्यू८५, क्यू८७ चे बोर्ड बाजारात येतात ते मुख्यतः त्यांतून निघालेले. दिसायला स्वस्त, बांधणीला दणकट. पण साध्या कॅबिनेटमध्ये ते सहज बसतीलच असं नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०२० ला २४ पिनऐवजी ८ पिनचा मुख्य पॉवर कनेक्टर आहे, लेनोवोच्या थिंकसेंटर एम९३पी ला १४ पिनचा. पॉवर बटणाची जोडणी वेगळी, पंख्याचा कनेक्टर वेगळा, मागच्या पोर्टांची पट्टी कॅबिनेटच्याच पत्र्यात कापलेली. पंखा त्यांच्या मनासारखा दिसला नाही तर काही मशीन दर वेळी चूक दाखवून एफ१ दाबायला लावतात. अ‍ॅडॉप्टर केबली मिळतात, पण गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये असा जुगाड मी करत नाही. या बोर्डांचा खरा उपयोग उलट्या दिशेने आहे : गिऱ्हाइकाचं मशीनच त्या कंपनीचं असेल तेव्हा. मग बोर्डावरच्या स्टिकरवरचा कंपनीचा पार्ट नंबर घ्या आणि त्यानेच शोधा. नुसतं मशीनचं नाव टाकून शोधलं तर उंच कॅबिनेटचा आणि आडव्या कॅबिनेटचा बोर्ड यांत गल्लत होते.

आणि अशा वेळी फक्त बोर्ड शोधू नका, अख्खं मशीनही शोधा. कार्यालयं शेकड्याने मशीन एकदम बदलतात, आणि तो माल रिफर्बिश करणाऱ्यांकडे, म्हणजे जुनी मशीन तपासून-दुरुस्त करून विकणाऱ्यांकडे, येतो. माझा अनुभव असा की त्याच मॉडेलचं अख्खं जुनं मशीन पुष्कळदा सुट्या बोर्डापेक्षा थोडंच महाग पडतं. त्यात तुम्हाला बोर्ड, त्याला जुळणारा एसएमपीएस, पंखा, रॅम आणि कधी प्रोसेसरही मिळतो, आणि मुख्य म्हणजे तो बोर्ड त्याच्या मूळ जागी चालताना बघूनच तुम्ही घेता. उरलेलं सामान पुढच्या दुरुस्तीला. साध्या असेंबल केलेल्या मशीनसाठीही बोर्ड-प्रोसेसर-रॅम असा कॉम्बो विचारून बघा. ज्याला नवं मशीन घ्यायचंय तो हे तिन्ही एकदम काढून टाकायला बघत असतो, सुटं विकायचा त्याला कंटाळा असतो.

बिननावाच्या ‘नव्या’ बोर्डांबद्दल तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण मोह तिथेच होतो म्हणून सांगतो. बोर्डाची पाटी नवी असते, त्यावरचा चिपसेट मात्र बहुतेक वेळा जुन्या बोर्डावरून उतरवून पुन्हा बसवलेला असतो. इतक्या जुन्या पिढीचा चिपसेट नवा येणार तरी कुठून? त्यांच्या बायोसला कुणी वाली नसतो, अपडेट मिळत नाही, आणि प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याचा भाग काटकसरीत उरकलेला असतो. पेंटियम किंवा आय३ लावून बिल करायला, दिवसाचे काही तास, असं काम असेल तर मी ते वापरले आहेत आणि काही वर्षानुवर्षं चालले आहेत. ८४ वॉटचा आय५ लावून दिवसभर चालणाऱ्या मशीनला मी ते लावत नाही. हिशेबाच्या मशीनला तर नाहीच. तिथे नामांकित कंपनीचा, स्वच्छ काढलेला जुना बोर्ड मला जास्त भरवशाचा वाटतो.

जुना बोर्ड दुरून मागवत असाल तर विकणाऱ्याकडे त्याच बोर्डाचे फोटो मागा, नमुन्याचे नव्हेत. सॉकेटचा जवळून फोटो, झाकण काढून. पाठीमागचा फोटो. बायोसच्या स्क्रीनचा फोटो. हे द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, किंमत कितीही कमी असली तरी. हातात आल्यावर सॉकेटभोवती आणि चिपसेटभोवती बघा. पिवळसर चिकट डाग दिसले तर तिथे कुणीतरी गरम हवेचं काम केलंय. पाठीमागे स्क्रू-ड्रायव्हर घसरल्याचा ओरखडा असेल तर त्या ओरखड्याच्या वाटेवरचा एखादा तांदळाच्या कणाएवढा भाग उडाला आहे का ते बघा. रॅमच्या खाचांत आणि पोर्टांच्या तोंडाशी हिरवट गंज म्हणजे ओल लागलेला बोर्ड. तो चालू स्थितीत आला तरी परत करा.

मग चाचणी. रॅमच्या सगळ्या खाचा, डिस्क जोडायचे सगळे साटा पोर्ट, पुढचे-मागचे सगळे यूएसबी, लॅन, आवाज, डिस्प्लेचा प्रत्येक पोर्ट. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टचा एक पूर्ण फेरा. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून दोन-तीन तास. मग भिंतीचं बटण बंद करून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी थंड मशीन सुरू करायचं. ही शेवटची पायरी वगळू नका. गरम असताना नीट चालणारे आणि थंड झाल्यावर न उठणारे बोर्ड मी बरेच पाहिलेत, आणि ते नेमके गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या सकाळीच पकडले जातात. विकणाऱ्याची परतीची मुदत ज्या दिवसापासून चालू होते त्याच दिवशी चाचणी सुरू करा. बोर्ड आठवडाभर खोक्यात पडून राहिला आणि मुदत गेली, असं होऊ देऊ नका. चांगला ठरलेल्या बोर्डाच्या मागे मी मार्करने बसवल्याची तारीख लिहितो. सहा महिन्यांनी कुणी मशीन आणलं की तो बोर्ड माझाच आहे की मधे बदलला गेलाय हे एका नजरेत कळतं.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. बोर्ड जुना आहे हे सांगायचं का? सांगायचं, काम हातात घेण्याआधी आणि बिलावर लिहूनसुद्धा. तुम्हाला भीती वाटते की गिऱ्हाईक जाईल. काही जातील. पण न सांगता जुना बोर्ड बसवला की गिऱ्हाईक तो नवा आहे असंच धरून चालतं आणि तुमच्याकडून नव्याच्या आयुष्याची अपेक्षा ठेवतं. तीन आठवड्यांनी तुमच्यावर जो राग निघाला त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. बोर्ड जाण्यापेक्षा तो जाऊ शकतो हे आधी माहीत नसणं माणसाला जास्त लागतं.

बोलायचं कसं, तर त्याच्यासमोर दोन-तीन रस्ते ठेवून. ‘या प्रोसेसरचे नवे बोर्ड कंपनीकडून आता मिळत नाहीत. वापरलेला, तपासलेला बोर्ड बसवला तर एवढा खर्च, आणि त्यावर मी एवढ्या दिवसांची हमी देतो. त्याऐवजी रिफर्बिश्ड अख्खं मशीन घेतलंत तर एवढा. नवं घेतलंत तर एवढा. तुमचा डेटा तिन्हींत सुरक्षित राहील.’ इतकंच. मग गप्प बसायचं आणि त्याला ठरवू द्यायचं. दुरुस्तीचा खर्च चांगल्या रिफर्बिश्ड मशीनच्या निम्म्यावर जायला लागला की मी स्वतःहून सांगतो की यात पैसे घालू नका. आणि चौथ्या पिढीच्या मशीनबद्दल आणखी एक गोष्ट सांगणं आपलं कर्तव्य आहे : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर येतात, तुरळक अपवाद सोडले तर. ज्याला इंटरनेटवर बँकेचं काम करायचंय त्याला हे माहीत असलं पाहिजे. हे ऐकून तो दुरुस्ती रद्द करेलही, पण पुढचं मशीन घेताना तो तुम्हालाच विचारायला येईल.

वॉरंटीचं म्हणाल तर विकणारा तुम्हाला जेवढी देतो त्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि विकणारा काहीच देत नसेल तर तुमच्या चाचणीच्या भरवशावर एक महिना द्या. त्यात बोर्ड बदलून देणं येतं, नवं मशीन देणं येत नाही, हे लिहा. या जोखमीचा भार मजुरीत धरा. दहा जुने बोर्ड बसवलेत तर एखादा परत येणार, त्याचा खर्च दहाही कामांत थोडा थोडा वाटलेला असला पाहिजे. आत्ता तो सगळा तुमच्या एकट्याच्या खिशातून जातोय. आणि मेलेला बोर्ड गिऱ्हाइकाला परत द्या किंवा विचारून ठेवून घ्या. त्यावरचे सुटे भाग तुम्हाला उपयोगी असतील, पण मालक तो आहे.

टेबलावरच्या हिशेबाच्या मशीनबद्दल. बोर्डाला हात लावण्याआधी डिस्क काढून तिची पूर्ण प्रत करा. प्रत घेताना डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, बंद आहे असं दिसलं तर गिऱ्हाइकाकडून ४८ अंकी रिकव्हरी की आधी मिळवा, कारण कुलपाची किल्ली बोर्डाशी बांधलेली असते आणि बोर्ड बदलला की मशीन ती की मागतं. मी एकदा हे विचारायला विसरलो होतो. की सापडेपर्यंतचे दोन दिवस त्या माणसाचा धंदा बंद होता, आणि दोष पूर्णपणे माझा होता. डिस्कची मांडणी जीपीटी आहे की एमबीआर ते बघून नव्या बोर्डाचा बायोस अनुक्रमे यूईएफआय किंवा लेगसी मोडवर लावा. साटाचा मोडही जुन्यासारखाच ठेवा, नाहीतर निळी स्क्रीन येईल आणि तुम्ही विनाकारण विंडोज नव्याने टाकत बसाल. विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करावं लागेल. तयार मशीनची की जुन्या बोर्डातच राहून गेलेली असते, तेव्हा परवान्याचं काय करायचं ते आधीच बोलून घ्या.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना पुष्कळदा हार्डवेअरशी जोडलेला असतो. तो कोणाकडून पुन्हा चालू करून घ्यायचा, हे गिऱ्हाइकाला विचारून ठेवा. बोर्डासोबत लॅन बदलल्याने आधी दिलेला ठरावीक आयपी पत्ता नाहीसा होतो आणि दुकानातल्या दुसऱ्या मशीनला डेटा सापडेनासा होतो, म्हणून तो पत्ता आधी लिहून घ्या. जुनी डिस्क चालू होत असेल तर दुसऱ्या मशीनला लावून बघता येईल, नाहीतर गिऱ्हाइकाच्या इतर मशीनमध्ये तो नोंदलेला असू शकतो. मॉनिटर व्हीजीएचा आहे का, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टवर आहे का, वजनकाट्याला सिरियल पोर्ट लागतो का, हे बोर्ड निवडण्याआधी विचारा. बोर्ड कितीही स्वस्तात मिळाला आणि प्रिंटरची जागाच नसेल तर तो तुमच्या काय कामाचा?

आणि तुमचं पहिलं गिऱ्हाईक. तिसरा बोर्ड मागवण्याआधी त्याचा एसएमपीएस टेबलावर घ्या, भार लावून जांभळी आणि पिवळी वायर मोजा, पुढचे यूएसबी पोर्ट टॉर्चने बघा. दोष सापडला तर त्याला फोन करा आणि सापडलेली वस्तू दाखवायला दुकानात बोलवा. आपल्या हातात तो खराब एसएमपीएस किंवा तुटलेली जीभ धरून सांगा की आधीच्या वेळी हे बघायचं माझ्याकडून राहिलं, बोर्डाचा खर्च माझा, एसएमपीएसचा तुमचा. हे वाटप बहुतेक माणसं मान्य करतात, कारण दोष डोळ्यांसमोर असतो. दुसऱ्या गेलेल्या बोर्डावरचा बायोस आणि मॉस्फेटही त्याआधी एकदा तपासा. कदाचित तिसरा मागवावाच लागणार नाही.